सव्वीस फटके

पेल्टनमध्ये मिस आर्डेला पेटवे यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कुणाचं मूल कोणत्या साली जन्मलं, चर्चचं छप्पर पहिल्यांदा कधी गळलं, अमक्याने लग्नाचं आधी थोरलीला विचारलं की धाकटीला, असला वाद पेटला की शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "उगाच कशाला घसा कोरडा करता? जा, बाईंना विचारून या." काळ्या वस्तीतल्या तीन पिढ्यांना त्यांनी गणित शिकवलं. वहीत खाडाखोड दिसली की कान पिळायच्या. "उत्तर चुकलं तर चुकू दे, पण लपवायचं नाही," हे त्यांचं पालुपद. ते म्हणताना त्यांच्या मनात काय चालत असे, हे मात्र कुणाला कळलं नाही. माणूस दुसऱ्याला जे बजावून सांगतो ते पुष्कळदा स्वतःलाच सांगत असतो.

१९९४ च्या जूनमध्ये त्यांच्या दारात एक गोरा म्हातारा येऊन उभा राहिला. डॉक्टर प्रेस्टन हायड, ओहायोचा. दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. आयुष्यभर लोकांचे दात मोजले आणि म्हातारपणी आमचे फटके मोजायला निघाला. काळ्यांच्या जुन्या बेसबॉल लीगचे आकडे गोळा करायचे, कोण किती वेळा फलंदाजीला उभं राहिलं, किती फटके मारले, हे पेपरांच्या पिवळ्या अंकांतून शोधायचं, हा त्याचा छंद. अलाबामाच्या त्या उकाड्यात बिचारा घामाने थबथबला होता. आर्डेलाबाईंनी त्याला पंख्याखाली बसवलं आणि बर्फ घातलेला चहा दिला.

"मिस पेटवे, पेल्टन हॅमर्सच्या स्कोअरर तुम्हीच ना?"

"मीच. सतरा वर्षं. पस्तीस सालापासून संघ मोडेपर्यंत."

"तुमच्या हातचे आकडे मी सगळे वाचलेत. शिकागोच्या साप्ताहिकात छापून यायचे ते." डॉक्टरचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "बाकीच्या संघांचा म्हणजे आनंदीआनंद हो. जिंकले तर आकडे पाठवणार, हरले की मिठाची गुळणी. तुम्ही मात्र नऊ-शून्यने हरलेला सामनासुद्धा पाठवलात! तुमच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतो आम्ही."

आर्डेलाबाईंनी ग्लास खाली ठेवला. जरा जोरात ठेवला गेला.

डॉक्टर ज्यासाठी आला होता ते असं. दूरच्या मोठ्या शहरातला गोऱ्यांचा बडा संघ, तोच, ज्याने एके काळी काळ्या माणसाला मैदानात पाऊल टाकू दिलं नव्हतं, तो आता आमच्या जुन्या संघाचा गौरव करणार होता. एका संध्याकाळी त्यांचे खेळाडू हॅमर्सचे कपडे घालून खेळणार आणि त्यांच्या मैदानाच्या दाराशी पितळी पाटी लागणार. पाटीवर हॅमर्सच्या बारा उत्तम खेळाडूंची नावं. यादी डॉक्टरने करायची, ऑगस्ट लागायच्या आत.

"एका नावाचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "लॉरेंझो मिम्स. ससा म्हणायचे ना त्याला? म्हातारी माणसं सांगतात, काय पळायचा, काय मारायचा! पण पेपर काढून बघितलं तर अठ्ठेचाळीस साली सरासरी हजार खेळींत दोनशे एक्केचाळीस फटके. म्हणजे सामान्यच. आठवणी फुगतात, चालायचंच. मूळ वह्या असत्या तर ताडून पाहिलं असतं. आहेत का हो तुमच्याकडे?"

"पुरात गेल्या," आर्डेलाबाई म्हणाल्या. "साठ सालच्या."

डॉक्टरने हळहळून मान हलवली. पेल्टन टेकडीवर वसलंय. तिथे पूर यायचा तर देवाला नोहाचं तारू पुन्हा बांधून घ्यावं लागेल. पण ओहायोच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? तो आभार मानून गेला, आणि सतराच्या सतरा वह्या तो बसला होता त्या खुर्चीपासून आठ पावलांवर, पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत कोरड्या ठणठणीत पडून होत्या.

आता त्या वह्यांत होतं काय, ते सांगायला हवं.

आर्डेलाबाईंचे वडील कोळशाच्या खाणीत होते आणि रविवारी खाणीच्या संघाचे आकडे लिहीत. ते पोरीला मांडीवर घेऊन शिकवत, चेंडू कुठे गेला, कोणी उचलला, कोणी फेकला. वडील खाणीत दबून गेले तेव्हा पोरगी अठराची होती. हॅमर्सचे मालक केटो ब्रॅसवेल मर्तिकाचं सामान घेऊन घरी आले. गावातल्या काळ्यांची प्रेतं तेच पोचवत. त्या काळी आमच्यात पैसा असे तो एकतर मर्तिकवाल्याकडे नाहीतर जुगारवाल्याकडे, आणि संघ काढायचे ते हेच. ब्रॅसवेलना दुःखाच्या घरात त्या पोरीच्या हातची वही दिसली. पुढच्या महिन्यात आर्डेला पेटवे हॅमर्सची स्कोअरर झाली. बाई स्कोअरर, तीही पोरगेलीशी! पुष्कळांनी नाकं मुरडली. दोन मोसमांत नाकं सरळ झाली.

आणि काय ते रविवार होते! पाद्री अकरालाच आमेन म्हणून मोकळा व्हायचा, कारण त्यालाही सामना गाठायचा असे. बायका टोप्या-हातमोज्यांसकट थेट मैदानावर. हातात ब्रॅसवेल मर्तिकगृहाचे पुठ्ठ्याचे पंखे. मैदान गोऱ्यांच्या संघाचं, ते बाहेरगावी गेले की आम्हांला भाड्याने मिळायचं. त्यांच्या सामन्याला आम्ही कडेच्या तुरुंगवजा पिंजऱ्यात बसायचो. आमच्या सामन्याला दोरी बांधलेली असे ती गोऱ्यांसाठी. तेही यायचे, मुकाट्याने दोरीमागे बसायचे. पत्रकारांची खोली तेवढी भाडेपट्ट्यातून वगळलेली होती, तिला कुलूप. म्हणून आर्डेलाबाई सगळ्यांत वरच्या पायरीवर घरून आणलेली स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसत. सात-आठ हजार माणसं खाली, आणि शंका आली की मान वळवून वर बघणार, बाईंनी काय लिहिलं? हे सुख त्यांना लग्नाने दिलं नसतं. खरं तर त्या सुखापायीच त्यांनी लग्नाचा विचार लांबवत नेला, आणि मग तो मागेच राहिला.

त्यांच्या हातात सत्ता होती ती अशी. मारलेला चेंडू जमिनीवरून घरंगळत जातो. समोरचा तो उचलून फेकेपर्यंत मारणारा धावत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर पोचतो. आता हे यश कुणाचं, मारणाऱ्याच्या पायांचं की उचलणाऱ्याच्या धांदलीचं? ते ठरवतो स्कोअरर. पंचाला तो अधिकार नाही, मॅनेजरला नाही. वहीत फटका लिहिला की मारणाऱ्याची सरासरी चढते, समोरच्याची चूक लिहिली की उतरते. मैदानात धापा टाकत उभ्या असलेल्या गड्याला आपल्या नावावर काय पडलं याचा पत्ताही नसतो. सोमवारी स्कोअरर स्वच्छ कागदावर आकडे उतरवून टपालात टाकणार, ते आगगाडीने शिकागोला जाणार, पुढच्या गुरुवारी पेपर येणार, आणि न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने वाचणार. तेव्हा त्याला कळणार, आपण किती पाण्यात आहोत.

लॉरेंझो मिम्स सेहेचाळीस साली संघात आला. सैन्यातून सुटलेला, तेवीस वर्षांचा, बोलायला लाजरा. दांडगा नव्हता, चेंडू मैदानाबाहेर वगैरे कधी मारला नाही. पण चेंडूला बॅटचा जरा टेकू देऊन जो सुटायचा, तो समोरच्याने चेंडू उचलायच्या आत बेसवर उभा राहून पँट झटकत असायचा. लोक खुळे व्हायचे. आर्डेलाबाईही व्हायच्या, फक्त पेन्सिल हातात असल्याने दाखवायच्या नाहीत.

सत्तेचाळीसला ब्रुकलिनच्या गोऱ्या संघाने एका काळ्या खेळाडूला घेतलं. आमच्या गल्लीत लोक रस्त्यावर नाचले. आर्डेलाबाईसुद्धा रडल्या. पण आनंदाचा एक पाय नेहमी लंगडा असतो. त्याच उन्हाळ्यात रविवारी लोक अकराचं आमेन झालं की मैदानाऐवजी रेडिओपाशी बसू लागले. ज्यांना परवडायचं ते खास गाडीने सिनसिनाटीला जाऊन आपला माणूस गोऱ्यांत खेळताना बघून यायचे. हॅमर्स घरचे, ते कुठे पळून जाताहेत! गोरे संघ आमच्यातली पोरं हेरायला लागले, आणि उचलताना आमच्या मालकांना विचारतसुद्धा नव्हते. तुमचे कसले करार, म्हणायचे, तुमची कसली लीग. नेलेल्या माणसाबद्दल ब्रॅसवेलसारख्याला साधं पत्र नाही.

अठ्ठेचाळीसच्या मे महिन्यात दोरीमागे तीन गोरे दिसले. गवती टोप्या, मांडीवर वह्या. ससा त्या दिवशी पाचांत चार वेळा बेसवर पोचला. सोमवारी सकाळी ब्रॅसवेल आर्डेलाबाईंच्या घरी आले. गंभीर चेहरा धंद्यामुळे त्यांना कायमचा चिकटलेला होता, पण त्या दिवशी तो खरा होता.

"बाई, कागद टपालात टाकलात?"

"उतरवतेय अजून."

"ससा पळतो तेव्हा समोरचा गडबडतो. खरं की नाही?"

"गडबडतो म्हणजे, कुणीही गडबडेल. त्याच्यासारखं पळणारं दुसरं आहे कोण?"

"म्हणजे गडबडतो," ब्रॅसवेल म्हणाले. "मग समोरच्याची चूक लिहायला हरकत काय?"

आर्डेलाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मिस्टर ब्रॅसवेल, मी शाळेत पोरांचे कान पिळते ते कशासाठी?"

"कान पिळा हो, खुशाल पिळा. पण ह्या टोपीवाल्यांनी पेपरात मोठा आकडा वाचला की ससा गेला. ससा गेला की उरलेली गर्दी गेली. गर्दी गेली की संघ गेला. अठरा माणसांच्या चुली आहेत बाई, ड्रायव्हर धरून एकोणीस. आणि तुमची ती वरची खुर्ची. पोराचं काय अडतंय? पुढच्या वर्षी संघ सावरला की मीच त्याला हात धरून पाठवीन. मेल्यावर मीच नेणार आहे सगळ्यांना, जिवंतपणी एक वर्ष थांबवलं तर काय पाप लागतं?"

आर्डेलाबाईंनी त्यांना दार दाखवलं. दिवसभर शाळेत त्यांचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी त्यांनी कागद पुरा केला. वहीत होते चार फटके, कागदावर उतरले दोन. बाकीचे दोन समोरच्यांच्या माथी.

त्या स्वतःशी म्हणाल्या, चुलींसाठी केलं. हे अर्ध्याहून कमी खरं होतं, आणि ते त्यांना त्याच दिवशी माहीत होतं. चुली एकोणीस होत्या, पण डोळ्यांसमोर उभी राहिली ती खुर्ची. रविवारी दुपारी वर वळणाऱ्या त्या हजारो माना. एका एकतीस वर्षांच्या बाईने स्वतःचा रविवार वाचवायला एका पोराचे दोन फटके खाल्ले, असा साधा हिशेब होता.

पहिले दोन फिरवायला अख्खा दिवस लागला. पुढच्या आठवड्याला कमी. पाप एकदा चौकटीत शिरलं की घरचं होतं. टेनेसीहून आलेला एक गडी एकदा पायऱ्या चढून वर आला आणि भर गर्दीत म्हणाला, "बाई, पेपरात माझ्या नावावर तीन चुका? मी काय हाताला लोणी लावून खेळतो?" लोक हसले. आर्डेलाबाई थंडपणे म्हणाल्या, "पुढल्या वेळी साबणाने धुऊन या." त्यावर लोक आणखी हसले. घरी येऊन त्यांनी जेवण टाकून दिलं.

वहीत मात्र त्यांनी कधी खोटं लिहिलं नाही. वडिलांची शिकवण म्हणा, हट्ट म्हणा. मैदानात जे दिसलं ते वहीत, सोमवारी जे पाठवायचं ते कागदावर. सप्टेंबरअखेर त्यांनी दोन्हींची बेरीज केली. ससा दोनशे नव्वद वेळा फलंदाजीला उभा राहिला होता. वहीत शहाण्णव फटके, हजारात तीनशे एकतीस, लीगमध्ये तिसरा. पेपरात सत्तर. मधले सव्वीस आर्डेलाबाईंनी गिळले होते.

सशाला न्यायला कुणी आलं नाही. ब्रॅसवेल म्हणाले, बघा, जमलं. आणि संघ? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. पन्नास साली पेल्टनच्या मैदानात चारशे माणसं जमली तर खूप. हॅमर्स खेड्यापाड्यांतून फिरत गंमतीचे सामने खेळू लागले. गडी आधी कोलांट्या मारून लोकांना हसवायचे, मग खेळायचे. एकावन्नला बस विकली. पुढे दूरदर्शन आलं, गार हवेची यंत्रं आली, लोक घरीच बसू लागले, आणि पाच-सहा वर्षांत गोऱ्यांचा संघही गाशा गुंडाळून दुसऱ्या गावी गेला. मोठे संघ तर शहरंच बदलायला लागले, आज या किनाऱ्याला तर उद्या त्या. मैदानावर आधी मोटारी उभ्या राहिल्या, मग फर्निचरचं दुकान आलं. वरची पायरी होती तिथे आता गाद्या विकतात.

सशाचा गुडघा एकोणपन्नासला घसरताना फुटला. तो नळांच्या कारखान्यात लागला आणि एकतीस वर्षं तिथे राबला. ब्रॅसवेल पंचावन्नला गेले, त्यांना पोचवायला पोरगा होता. गुपित सांगायला आता आर्डेलाबाईंशिवाय कुणी उरलं नाही. आणि त्या दर रविवारी माउंट झायन चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसत, लॉरेंझो मिम्सच्या पाठीमागे. तो आता चर्चचा डीकन. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी त्याची मान जून होताना पाहिली. प्रार्थनेत "आमच्या अपराधांची क्षमा कर" आलं की त्यांची नजर त्या मानेवर जाई आणि ओठ मिटत. पुढचा शब्द आला की पुन्हा म्हणायला लागत.

डॉक्टर येऊन गेल्यानंतरच्या रविवारी डीकन मिम्स बाहेर पायऱ्यांवर थांबला होता. हातात भेंड्यांची पिशवी. बायको कोरा वारल्यापासून परसातलं सगळं तो वाटून टाकत असे.

"घ्या मिस आर्डेला, कोवळ्या आहेत. तळा नाहीतर रश्श्यात घाला. तो दातांचा डॉक्टर तुमच्याकडे पण आला होता म्हणे?"

"आला होता."

"माझ्याकडेही. दोन तास बसला, रताळ्याची एक अख्खी पाई संपवली. दातवाला असून गोडाला तुटून पडतो!" डीकन हसला. "मला म्हणाला, पाटीवर तुमचं नाव घालता आलं तर बघतो. मी म्हटलं, डॉक्टर, कशाला त्रास घेता? मला माझा आकडा माहीत आहे. मी पळायचो, लोक गडबडायचे, एवढंच. फलंदाज म्हणून मी कामापुरता. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही भारी होता ना? मी त्याला सांगतो, नाही बाळा, भारी बाकीचे होते. मी त्यांच्यात उभा राहिलो, हेच पुष्कळ."

"असं का सांगतोस पोराला?" आर्डेलाबाईंचा आवाज चढला.

"मग काय खोटं सांगू? तुमचा विद्यार्थी नसलो म्हणून काय झालं, धाक तर तुमचाच ना!"

तो हसत हसत पायऱ्या उतरून गेला. भेंड्यांची पिशवी हातात धरून आर्डेलाबाई उन्हात तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण त्याच्याकडून एक संधी चोरली. मिळाली असती किंवा नसती, तेव्हा कुणाला काय मिळत होतं? या विचाराच्या उशीवर डोकं ठेवून त्या झोपत आल्या होत्या. आज कळलं की हा माणूस सेहेचाळीस वर्षं स्वतःला कमी समजत जगला. शांतपणे, कुरकुर न करता, मोठ्या मनाने. आणि त्याच्या त्या मोठ्या मनाचा पाया आपल्या खोट्या कागदावर आहे. त्यांना स्वतःची शिसारी आली.

घरी जाऊन त्यांनी ट्रंक ओढली. अठ्ठेचाळीसची वही काढली. मग डॉक्टरला पत्र लिहिलं, शाळेतल्या फळ्यावरच्यासारख्या ठसठशीत अक्षरात.

"पेल्टनला पूर कधीच आला नाही. वह्या माझ्याकडे आहेत, येऊन घेऊन जावं. अठ्ठेचाळीस साली लॉरेंझो मिम्सचे सव्वीस फटके मी जाणूनबुजून समोरच्यांच्या चुका म्हणून पाठवले. त्याचा खरा आकडा तीनशे एकतीस. माझ्या नावासकट हे छापावं. आर्डेला पेटवे."

सोमवारी सकाळी पत्र पेटीत टाकलं तेव्हा त्यांना बऱ्याच वर्षांनी भूक लागल्यासारखं वाटलं. पाटीवर नाव लागेल. गाव थुंकेल आपल्यावर, थुंकू दे. आता फक्त त्याला तोंडाने सांगायचं राहिलं, आणि ते पेपरातून कळायच्या आत सांगायला हवं. वही कापडी पिशवीत घालून त्या काठी टेकत डीकनच्या घरी गेल्या.

तो ओसरीवर पातेलं घेऊन शेंगा सोलत बसला होता.

"या, या! मदतीला आलात की तपासायला?"

"लॉरेंझो, मला आधी बोलू दे. मध्ये बोलू नकोस."

त्यांनी सगळं सांगितलं. ब्रॅसवेलचं सांगितलं, पण त्यांच्यावर ढकललं नाही. खुर्चीचंही सांगितलं. ते सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. मग वही उघडून त्याच्या पुढ्यात धरली. डीकनने हात पुसले आणि चष्मा लावला. पानं तो एकेक करून उलटत गेला. मधेच बोट ठेवून थांबायचा, ओठ हलायचे, जणू तो सामना त्याला दिसत होता.

"तीनशे एकतीस," तो अखेर म्हणाला.

"हो."

"माझी आई असती तर रस्त्यावर नाचली असती." त्याला हसू फुटलं, आणि ते अर्ध्यातच विझलं. त्याने चष्मा काढला. रस्त्यावरून एक मोटार गेली, आतल्यांनी हात केला, त्यानेही सवयीने हात केला.

"मला शिव्या दे, लॉरेंझो. माझ्यामुळे ते टोपीवाले तुला न्यायला आले नाहीत."

"आले होते," डीकन म्हणाला.

आर्डेलाबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"ऑगस्टात पत्र आलं होतं. त्या तिघांतल्या एकाचं. आकडे गेले चुलीत, लिहिलं होतं त्याने, मी तुला माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ओहायोकडे त्यांचा धाकटा संघ होता, तिथे ये म्हणून. आत आगगाडीचं तिकीट."

"तू कधी बोलला नाहीस."

"कुणालाच नाही. कोराला पण नाही. पत्र आलं बुधवारी. रात्रभर उशाखाली घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे पेपर वाचला. दोनशे चाळीसच्या आसपास काहीतरी होतं. मी म्हटलं, ह्या माणसाने मला एक दिवस बघितलंय, त्याला काय कळणार? मी तर लोकांच्या धांदलीवर पळतोय. तिथे जाईन, आठ दिवसांत उघडा पडेन, आणि ते म्हणतील, बघा, ह्यांच्यातला निवडक म्हणजे असा. मग माझ्यामागून येणाऱ्या पोराला ते दार बंद. आपल्या हावेपायी दुसऱ्याचं दार कशाला बंद करा? तिकीट परत पाठवून दिलं."

आर्डेलाबाई त्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. दोरीमागच्या टोप्यांना फसवायला जे लिहिलं, त्याने टोप्यांचा केसही वाकडा झाला नव्हता. साऱ्या अमेरिकेत ते एकाच माणसाने खरं मानलं होतं.

"अरे, पण तो म्हणाला होता ना, डोळ्यांनी पाहिलंय," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्याचं तरी ऐकायचंस."

डीकन मिम्सने वही मिटली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर ठेवली, चर्चमध्ये ठेवतात तशी हळूच. आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"एका परक्या गोऱ्याने लिहिलं, तू चांगला आहेस. तुम्ही लिहिलंत, नाही," तो म्हणाला. "मी कुणाचं खरं मानणार होतो, मिस आर्डेला?"